गाइड परदेशात, जामीनदार गावाकडे : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात परदेशातल्या पीएचडीबद्दल लिहिताना चीनहून येणाऱ्या मुलांचा उल्लेख एका ओळीत आला होता, आणि सगळ्यात जास्त पत्रं नेमकी त्या ओळीवर आली. म्हणून या वेळचं सदर त्यांच्याबद्दलच. मी स्वतः बरीच वर्षं जर्मनीत लॅबमध्ये काम केलंय, शेजारच्या टेबलावर कायम कोणीतरी चिनी पीएचडीचा विद्यार्थी असायचा, त्यामुळे विषय जवळचा आहे.

प्रश्न : नमस्कार ताई, मी मूळची सांगलीची, नेदरलँड्समधल्या एका विद्यापीठात शिकवते. माझ्याकडे पहिल्यांदाच चीनच्या सरकारी स्कॉलरशिपवर एक पीएचडीचा मुलगा आलाय. हुशार आहे, रात्री उशिरापर्यंत लॅबमध्ये बसतो, पण मीटिंगमध्ये मी काहीही म्हटलं की ‘येस प्रोफेसर’ म्हणून मान डोलावतो आणि दोन आठवड्यांनी कळतं की त्याला ते पटलंच नव्हतं किंवा समजलंच नव्हतं. माझे डच विद्यार्थी तोंडावर सांगतात की मॅडम ही आयडिया चालणार नाही. हा इतका लाजाळू का? याला बोलतं कसं करू?

उत्तर : लाजाळू असेलही, पण तेवढ्यावर थांबू नका, कारण ‘त्यांची संस्कृतीच तशी’ म्हटलं की आपल्याला काहीच करायचं उरत नाही. आधी तो कुठल्या कागदांवर सही करून आलाय ते बघा. बीजिंगला चायना स्कॉलरशिप कौन्सिल आहे, १९९६ साली स्थापन झालेली, तिथल्या शिक्षण मंत्रालयाच्या हाताखालची. २००७ मध्ये त्यांनी मोठी योजना काढली, वर्षाला ५,००० पीजीची मुलं परदेशातल्या चांगल्या विद्यापीठांत पाठवायची. त्यात दोन वाटा होत्या, एक म्हणजे पूर्ण पीएचडीच बाहेर करायची, त्याला जास्तीत जास्त ४८ महिने पैसे, आणि दुसरी म्हणजे पीएचडी चीनमध्येच पण मधले ६ ते २४ महिने बाहेर. तुमचा मुलगा पहिल्या वाटेचा दिसतोय.

आता करार काय असतो? शिकून झालं की परत यायचं आणि किमान दोन वर्षं चीनमध्ये काम करायचं. मोडला तर मिळालेले सगळे पैसे परत, वर ३० टक्के दंड. आणि यासाठी मायदेशी दोन जामीनदार द्यावे लागतात, ते बहुतेक घरचे नाहीतर नात्यातले असतात. शिवाय ठरावीक काळाने प्रगतीचा रिपोर्ट जातो आणि त्यात गाइडचं मत लागतं, म्हणजे तुमचं. हे सगळं डोक्यात ठेवून तुमची मीटिंग पुन्हा आठवून बघा. तुम्ही सहज म्हणता, हा भाग सोडून देऊ, दुसऱ्या बाजूने बघू या. डच मुलाला ती चर्चा वाटते. याला वाटतं ४८ मधले सहा महिने गेले, अर्ज करताना जो रिसर्च प्लॅन दिला होता तो बदलला, आता वर काय कळवायचं. तो गप्प बसतो तेव्हा बहुतेक हिशोब करत असतो.

आणखी एक, तुमचा डच विद्यार्थी हा विद्यापीठाचा नोकर असतो, त्याला पगार, सुट्टीचा भत्ता, पेन्शन सगळं असतं. त्याच टेबलावर बसून तेच काम करणाऱ्या या मुलाला बाहेरून येणारा महिन्याचा स्टायपेंड असतो. हा फरक लॅबमध्ये कोणी मोठ्याने बोलत नाही पण त्याला रोज दिसतो. तुमच्या विद्यापीठात अशा मुलांना वरून टॉप-अप द्यायची सोय आहे का ते आधी विचारून घ्या, बऱ्याच गाइडना ते माहीतच नसतं.

आता सवयीचा भाग, तोही आहेच. चीनमध्ये गाइडच्या हातात खूप काही असतं, विषय तो देतो, पेपर कधी पाठवायचा ते तो ठरवतो, थिसिस जमा करायला त्याची सही, पुढे नोकरीला त्याची ओळख. पण तिथे मुलं एकटी नसतात हे आपण विसरतो. एका गाइडची मुलं एकमेकांना थोरला भाऊ, थोरली बहीण म्हणतात, आपल्याकडे गुरुबंधू म्हणतात तसंच, आणि रोजचं काम खरं तर ही सिनियर मुलंच शिकवतात. सरांच्या बोलण्याचा खरा अर्थ काय, कुठे हो म्हणायचं, कुठे थोडं थांबायचं, मशीन बिघडलं तर आधी कोणाला सांगायचं, हे सगळं त्यांच्याकडून कळतं. नेदरलँड्सला आल्यावर तो थोरला भाऊच गायब होतो, प्रत्येकाचं प्रोजेक्ट वेगळं, पाच वाजता सगळे घरी. मग उरता फक्त तुम्ही, आणि तुम्हाला विचारायची तर त्याला सवय नाही. माझ्या मते यातलं सगळ्यात मोठं दुखणं हे आहे आणि त्यावर औषधही सोपं आहे, लॅबमधल्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या कोणालातरी उघडपणे सांगा की पहिलं वर्षभर याचे छोटे प्रश्न तू बघ. कोणी चिनीच पाहिजे असं नाही.

मीटिंगमध्ये ‘समजलं का’ विचारू नका, त्याला उत्तर एकच येणार. त्याऐवजी म्हणा, सोमवारपर्यंत पहिलं काय करणार आणि यात काय फसू शकतं ते चार ओळींत लिहून पाठव. लिहिताना ही मुलं खूप मोकळी होतात, मी पाहिलंय, समोर शब्द फुटत नाही आणि मेलमध्ये तुमच्या आयडियातली चूक बरोब्बर दाखवतील. तुम्ही बोलताना कुठली गोष्ट करायचीच आहे आणि कुठली नुसती डोक्यात आली म्हणून बोललात हेही स्पष्ट सांगा. सगळ्यांसमोर त्याच्या कामातली चूक काढू नका, दार लावून सांगा. तो प्रोफेसर म्हणतो तर म्हणू द्या, नावाने हाक मार म्हणून मागे लागलात तर त्याला अजून अवघड होईल. आणि एकदा शांतपणे बसून हे विचारा की परत गेल्यावर तुला कुठे नोकरी हवीय आणि त्यासाठी काय लागतं. २०२० च्या फेब्रुवारीत चीनच्या शिक्षण आणि विज्ञान मंत्रालयांनी सांगितलं की माणसाचं मोल नुसतं पेपर मोजून ठरवू नका, पण मुलांच्या मनातून ती भीती अजून गेलेली नाही. तुम्ही म्हणता एकच पेपर पण दमदार, तो मनात म्हणतो तीन नसतील तर मला उभं कोण करणार. हे दोघांनी एकदा बोललंच नाही तर चार वर्षं तसंच चालू राहतं.

प्रश्न : मी जर्मनीत पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचा संशोधक आहे, मूळचा लातूरचा. आमच्याकडे एक चिनी मुलगी दीड वर्षासाठी आलीय, पीएचडी तिकडचीच. तिचं काम छान झालंय, पेपर लिहायची वेळ आली आणि आता तिचे तिकडचे सर आणि आमचे प्रोफेसर दोघंही करस्पाँडिंग ऑथर, म्हणजे पेपरचा मुख्य जबाबदार लेखक, व्हायचं म्हणतात, वरून तिकडचं विद्यापीठ म्हणतं पहिली ॲफिलिएशन, म्हणजे तिच्या नावापुढचं पहिलं विद्यापीठ, आमची पाहिजे. ती बिचारी दोघांचे निरोप इकडून तिकडे करते आणि रडते. मी मध्ये पडू का?

उत्तर : पड, पण तिच्या वतीने भांडायला नको, दोन्ही सरांना एका कॉलवर आणायला पड. ही दुसरी वाट, जिला आपण सँडविच म्हणतो, तिच्यात ही गाठ जवळजवळ ठरलेलीच असते. पदवी चीनचं विद्यापीठ देणार, त्यामुळे त्यांच्या नियमात बसायला बऱ्याच ठिकाणी तिचं नाव पहिलं आणि त्यांच्या विद्यापीठाचं नाव पहिलं असावं लागतं, नाहीतर तो पेपर तिच्या पीएचडीत धरतच नाहीत. म्हणजे तिच्यासाठी ही हौस नाही, पदवीचा प्रश्न आहे. हे तुमच्या प्रोफेसरांना कोणी सांगितलंय का? मला नाही वाटत. त्यांना एवढंच दिसतं की आयडिया माझी, मशीन माझं, रसायनांचा खर्च माझा आणि नाव मात्र दुसऱ्याचं वर. त्यांचंही चुकत नाही. तिकडच्या सरांचंही अगदीच चुकत नाही, त्यांनी तिला तीन वर्षं घडवलंय, आणि चीनमध्ये करस्पाँडिंग ऑथर असणं हे ग्रँटच्या आणि बढतीच्या वेळी मोजलं जातं.

तोडगे आहेत. बरीच जर्नल दोन करस्पाँडिंग ऑथर चालवून घेतात. एका लेखकाच्या नावापुढे दोन्ही विद्यापीठं येऊ शकतात, पहिली चीनची, दुसरी जर्मनीची. शेवटी कोणी काय केलं हे लिहायची जागा हल्ली बहुतेक जर्नलमध्ये असते, तिथे तुमच्या प्रोफेसरांची आयडिया आणि मशीन स्पष्ट शब्दांत येऊ दे. पेपर दोन होण्याइतकं काम असेल तर एकात हे पुढे, एकात ते. पण हे सगळं त्या दोघांनी एकमेकांशी बोलून ठरवायचंय. पंचवीस-सव्विसाव्या वर्षी परक्या देशात बसलेल्या मुलीने दोन प्रोफेसरांमध्ये वकिली करावी ही अपेक्षाच मला फार चुकीची वाटते. हिची स्कॉलरशिप सरकारी असेल तर अर्जाच्या वेळीच अभ्यासाच्या आराखड्यावर दोन्ही गाइडच्या सह्या झालेल्या असणार, तेव्हाच एक पान जास्त लिहिलं असतं तर आज ही वेळ आली नसती. पुढच्या वेळी तुमच्या लॅबमध्ये कोणी असं येईल तेव्हा पहिल्या महिन्यात कॉल लावायचा, नावं, क्रम, डेटा कोणाकडे राहणार, परत जाताना काय नेता येईल, सगळं मेलवर. आणि आत्ता ती परत जायच्या आधी ड्राफ्ट पूर्ण करून घ्या, गेल्यावर तिकडचं काम, तिकडचे नियम, मेलला उत्तरं उशिरा, मग पेपर वर्षभर लटकतो.

प्रश्न : आमचा मुलगा जर्मनीत शिकतो. तो सांगत होता की तिकडच्या काही विद्यापीठांनी चिनी सरकारी स्कॉलरशिपची मुलं घेणं बंद केलं. ही मुलं हेरगिरी करतात असं व्हॉट्सॲपवर फिरतं, खरं काय? — एक वाचक, ठाणे

उत्तर : बंद केल्याचं खरं आहे. एर्लांगेन-न्यूर्नबर्गच्या विद्यापीठाने १ जून २०२३ पासून ज्यांचा पैसा फक्त चायना स्कॉलरशिप कौन्सिलकडून येतो अशी पीएचडीची मुलं घ्यायची नाहीत असं ठरवलं. त्याच वर्षाच्या सुरुवातीला स्वीडनमध्ये या मुलांच्या करारांची बातमी आली, देशाशी आणि राजवटीशी निष्ठेची कलमं, घरच्यांचा जामीन, आणि तिथल्या काही विद्यापीठांनी हात आखडता घेतला. अमेरिकेने तर २९ मे २०२० लाच आदेश काढला होता की चीनच्या लष्कराशी जोडलेल्या संस्थांतून येणाऱ्या पीजी आणि त्यावरच्या संशोधकांना व्हिसा नाही.

पण यावरून प्रत्येक चिनी विद्यार्थी हेर असं म्हणणं हा त्यांच्यावर उघड अन्याय आहे आणि असे मेसेज कृपा करून पुढे पाठवू नका. काही विषय खरोखर नाजूक आहेत, तिथे विद्यापीठाने कोणाला कुठल्या खोलीची चावी द्यायची याचे नियम करावेत, ते सगळ्या देशांच्या मुलांना लावावेत. करारातली ती कलमं मलाही पटत नाहीत. मात्र त्या कलमांचा भार कोणावर पडतो? त्या विद्यार्थ्यावरच. तो घाबरलेला असतो, आणि आपण वरून संशय घेतला की लॅबमध्ये त्याचं तोंड आणखी बंद. गाइडही मग हात राखून वागायला लागतो, महत्त्वाचं काम देत नाही, आणि तीन वर्षांनी म्हणतो याच्यात दम नव्हता. हे मी होताना बघितलंय आणि मला त्याचा अजून राग येतो. दार बंद करण्यापेक्षा विद्यापीठांनी स्वतःचे पैसे घालून यांना इतरांसारखं नोकरीवर घेतलं तर तो करारच मध्ये येणार नाही, पण त्याला खर्च येतो.

प्रश्न : मी कोल्हापूरचा निवृत्त प्राध्यापक. चीनमध्ये गुरूला फार मान असं ऐकून आहे. परदेशी गुरूंशी त्यांचं नातं पूर्वीपासून असंच अवघडलेलं होतं का?

उत्तर : सर, तुमच्या प्रश्नाने फार बरं वाटलं, कारण यात खूप सुंदर गोष्टीही आहेत. लू शुन, चीनचे मोठे लेखक, १९०४ ते १९०६ जपानच्या सेंदाईला वैद्यकीय शिकत होते. फुजिनो नावाचे शरीरशास्त्राचे शिक्षक या एकट्या चिनी मुलाच्या वह्या घेऊन जायचे आणि लाल शाईने सगळ्या दुरुस्त करून द्यायचे, भाषेच्या चुकांसकट. लू शुननी वैद्यकी सोडली, पण फुजिनोंनी निघताना दिलेला फोटो पुढे बीजिंगच्या घरात भिंतीवर लावला होता. ती काही पीएचडी नव्हती, पण परक्या मुलाला शिकवायचं म्हणजे काय याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

दुसरं उदाहरण आपल्या अगदी जवळचं. कोलंबिया विद्यापीठात १९१५-१६ च्या सुमारास अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्यूई शिकवत होते आणि त्यांच्या विद्यार्थ्यांत एकीकडे चीनचे पुढे नावाजलेले विचारवंत हू शी होते आणि दुसरीकडे आपले बाबासाहेब. हू शी बॉक्सर नुकसानभरपाईच्या (बॉक्सर उठावानंतर चीनकडून वसूल केलेल्या) पैशातून निघालेल्या स्कॉलरशिपवर आलेले, बाबासाहेब बडोद्याच्या महाराजांच्या, महिन्याला साडेअकरा पौंड, आणि सर, त्यावरही बाँड होता, शिक्षण संपल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची. सरकारी पैसा, परदेशी गुरू आणि मायदेशीचा करार हा तिढा काही आजचा नाही. दोघांनाही पीएचडीची पदवी हातात पडली ती १९२७ मध्ये, प्रबंधाच्या छापील प्रती जमा केल्यावर. पण ड्यूईंचं नातं पदवीपाशी संपलं नाही, १९१९ मध्ये ते चीनला गेले आणि १९२१ पर्यंत राहिले, ठिकठिकाणी भाषणं दिली आणि त्यांतल्या कितीतरी भाषणांचा चिनी अनुवाद तिथल्या तिथे हू शी करायचे. बाबासाहेबांचे गाइड सेलिग्मन, त्यांनी १९२५ मध्ये बाबासाहेबांच्या प्रांतिक अर्थव्यवस्थेवरच्या ग्रंथाला प्रस्तावना लिहिली. म्हणजे विद्यार्थी हजारो मैल दूर गेल्यावरही गाइड त्याच्या पाठीशी उभा होता.

आणि एक दुःखाची गोष्ट. च्यान श्वेसन, अमेरिकेत कॅलटेक या संस्थेत विमानविद्येचे मोठे शास्त्रज्ञ फॉन कारमान यांचे विद्यार्थी, १९३९ ची पीएचडी. १९४५ मध्ये युद्ध संपताना गुरू-शिष्य दोघं अमेरिकेच्या वतीने जर्मनीत गेले आणि तिथे त्यांनी जर्मन शास्त्रज्ञ प्रांट्ल यांची चौकशी केली, जे स्वतः फॉन कारमान यांचे गुरू! पाच वर्षांनी, १९५० मध्ये, त्याच अमेरिकेने च्यान यांच्यावर कम्युनिस्ट असल्याचा संशय घेऊन त्यांची सिक्युरिटी क्लिअरन्स, म्हणजे गुप्त कामावरची परवानगी, काढली, अडकवून ठेवलं आणि १९५५ मध्ये चीनला जाऊ दिलं. पुढे चीनची क्षेपणास्त्रं त्यांनी उभी केली. गुरूचा विश्वास शेवटपर्यंत होता, तरी सरकारपुढे तो पुरला नाही. वरच्या ठाण्याच्या वाचकांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

नंतर बराच काळ दारं बंद राहिली. १९७८ मध्ये चीनचे नेते देंग श्यावफिंग यांनी जास्त मुलं बाहेर पाठवा म्हटलं आणि डिसेंबरच्या अखेरीस ५२ जणांची पहिली तुकडी अमेरिकेला निघाली. मग त्सुंग-दाओ ली, भौतिकशास्त्रज्ञ फर्मींचे विद्यार्थी आणि नोबेलचे मानकरी, त्यांनी १९७९ ते १९८९ मध्ये स्वतः खटपट करून ९१५ चिनी मुलांना अमेरिकेत फिजिक्सच्या पीएचडीला जागा मिळवून दिल्या.

प्रश्न : ताई, मी नागपूरची, इंग्लंडमध्ये मास्टर्स करतेय. माझी चिनी हाउसमेट पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, सरकारी स्कॉलरशिप. तिचे गाइड तीन-तीन आठवडे मेलला उत्तर देत नाहीत, भेटले तर दहा मिनिटं. ती झोपत नाही, जेवत नाही, म्हणते गाइड बदलायला गेले तर स्कॉलरशिप जाईल आणि घरच्यांना पैसे भरावे लागतील. मी काय करू?

उत्तर : आधी तिची झोप आणि जेवण. तिला जीपीकडे, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाहीतर विद्यापीठाच्या कौन्सेलिंगला घेऊन जा, आणि हे सांग की तिथे बोललेलं गाइडला किंवा स्कॉलरशिपवाल्यांना कळवलं जात नाही. बऱ्याच चिनी मुली या एका भीतीने तिथे जातच नाहीत. जीवाचं काही बरंवाईट बोलत असेल तर थांबू नकोस, त्याच दिवशी.

मग तिची भीती जरा सुटी करून बघू. नुसती तक्रार केली म्हणून करार मोडत नाही. गाइड किंवा विद्यापीठ बदलायचं असेल तर आधी अर्ज करून परवानगी घ्यावी लागते, दूतावासाच्या शिक्षण विभागामार्फत, परवानगीशिवाय बदललं तर मात्र अडचण होते. म्हणजे रस्ता आहे, फक्त क्रम पाळायचा. तिने स्वतःचा करार काढून तुझ्यासोबत बसून ती कलमं नीट वाचावीत, कारण इतरांनी ग्रुपवर लिहिलेल्या गोष्टींवर या मुली फार घाबरतात. घरी कधी आणि काय सांगायचं ते मात्र तिलाच ठरवू दे.

गाइड बदलण्याआधी बाकीची दारं वाजवायची आहेत. इंग्लंडमध्ये दुसरा सुपरवायझर असतोच, कागदावर का होईना, त्याला भेटायचं. विभागात पीएचडीच्या विद्यार्थ्यांचं बघणारा एक प्रोफेसर असतो, स्टुडंट्स युनियनमध्ये सल्ला देणारी माणसं असतात आणि ती विद्यापीठाच्या बाजूची नसतात. तिला वाटेल हे गाइडच्या पाठीमागे बोलणं झालं. नाही, ही माणसं त्यासाठीच नेमलेली आहेत, हे तिला दोन-तीनदा सांगावं लागेल.

आणि तिचे मेल बघ एकदा. चिनी मुलं फार आदराने लिहितात, आधी सरांच्या वेळेबद्दल माफी, मग प्रकृतीची चौकशी, मग सगळ्या कामाची हकीकत, आणि खरं मागणं एकदम तळाशी. घाईत असलेला प्रोफेसर तिथपर्यंत पोचतच नाही. विषयातच लिहायला सांग की अमुक तारखेपर्यंत अमुक निर्णय हवा, आत तीन ओळी, आणि भेटीची वेळ तिनेच सुचवायची. यानेही उत्तर नाही आलं तर निदान ती सगळी पत्रं तारखांसकट तिच्याकडे राहतील. दुसऱ्या वर्षाचा रिव्ह्यू कधी आहे ते आजच बघा, त्यात गाइड समोर नसताना बोलायची संधी बऱ्याच ठिकाणी देतात, त्या वेळी ही पत्रं घेऊन जायचं.